रंगीत रासबेरीची बाग

रासबेरी म्हटली कीं तांबडें, मऊ, आंबटगोड फळ डोळ्यांपुढें येतें. परंतु थंड मुलखांत, विशेषतः अमेरिकेच्या ईशान्य भागांत, घरामागील परसांत पिंवळी, काळी व जांभळी रासबेरी लावण्याची हौस पुष्कळांना असते. हौस चांगलीच, मात्र रंग पाहून रोपें आणावयाचीं आणि स्वभाव न पाहतां लावावयाचीं, असा प्रकार फार होतो.

पिंवळी ही तांबडीचीच बहीण. तांबडा रंग देणारें द्रव्य तिच्या फळांत जवळजवळ उतरत नाहीं, एवढाच भेद. मेरीलँड विद्यापीठांतून १९९८ सालीं आलेली ‘अ‍ॅन’ ही पिंवळी जात पहिल्याच वर्षीं, शरदांत, फोकाच्या शेंड्याकडे फळते. त्यामुळें हिंवाळा सरतां सरतां सारे फोक जमिनीलगत कापले तरी आळशी माळ्याच्याहि पदरांत एक पीक पडतें. फळ पिकलें कीं नाहीं हें रंगावरून कळणें कठीण. बोटांनीं हलकेंच ओढावें, गाभा झाडावर ठेवून तें सहज हातीं आलें तर पिकलें.

काळीची तऱ्हा निराळी. ही उत्तर अमेरिकेची मूळची स्वतंत्र जाति. तिचा फोक पहिलें वर्ष नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षीं फळतो आणि मरतो. तिला पिंवळीप्रमाणें सरसकट छाटली तर वाफा हिरवागार दिसेल, पण त्या सालीं फळ एकहि मिळणार नाहीं. उन्हाळ्यांत कोंवळा शेंडा कमरेएवढ्या उंचीवर खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटतात. पुढील वर्षाचें पीक त्यांवरच येतें. जांभळी या काळीची व तांबडीची लेक; रूपानें मळकट, पण मुरंब्याला उत्तम.

आतां खरी मेख. तांबड्या व पिंवळ्या झाडांत विषाणुरोग पुष्कळदां लक्षण न दाखवितां वास करतो. मावा तो काळीवर नेतो आणि तिचा नाश होतो. म्हणून दोहोंत पाऊणशें ते शंभर फूट अंतर असावें, असें जाणकार सांगतात. परस लहान असेल तर माझ्या मतें काळीचा नाद सोडावा. शेजाऱ्यानें प्रेमानें दिलेला धुमारा नाकारणें जिवावर येतें खरें. तरी रोप रोगमुक्त म्हणून तपासलेलेंच विकत घ्यावें.

पुण्यामुंबईकडे या जातींच्या भरीस पडूं नये. त्यांना दीर्घ थंडी लागते. आपल्या डोंगरांतली काळसर म्हैसूर रासबेरी त्या थंडीवांचून फळते, आणि हिमालयाच्या उतारांवर पिंवळा हिसालू रानोमाळ आढळतो. परदेशीं राहणाऱ्या आपल्या मंडळींनीं मात्र यांचें बीं सामानांतून नेऊं नये. गालापागोस बेटांत म्हैसूर रासबेरीनें आणि हवाई बेटांत हिसालूनें तेथील मूळच्या वनस्पतींना अगदीं जेरीस आणलें आहे.