रंगीत पानांची कुंडी : आधी तहान जुळवा, मग रंग
(रोपवाटिकाधारकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतून मुंबईला फुलझाडांच्या कुंड्या पाठविणारे तुमच्यापैकी अनेकजण आहेत. फुले गळाली की कुंडीचे मोल उतरते, हा तुमचा नेहमीचा अनुभव. शोभिवंत पानांच्या झाडांचे तसे नाही. क्रोटन, कोलियस, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम यांचा रंग पानातच असतो. त्यातही दोन-तीन रंगांची झाडे एका कुंडीत शोभेलशी लावली, तर गिऱ्हाईक थांबून पाहते. परंतु तीच कुंडी महिन्याभरात त्याच्या खिडकीत वाळली किंवा सडली, तर ते पुन्हा आपल्या दारात येत नाही. म्हणून आज जोडी जुळविण्याविषयी बोलणार आहे.

प्रथम माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. पिवळ्या काठाची सॅन्सेव्हेरिया, जिला आता सगळे स्नेक प्लँट म्हणतात, ती मी कुंडीच्या मधोमध लावली आणि पायथ्याशी गर्द तांबडा कोलियस लावला. दिसायला जोडी फार सुरेख होती. पण कोलियसला रोज पाणी लागे, आणि सॅन्सेव्हेरियाला माती वाळल्याशिवाय पाणी नको असते. पाणी दिले तर एक बुडातून सडे, न दिले तर दुसरा माना टाकी. शेवटी दोन्ही गेली. तेव्हा पक्के समजले की, कुंडीत रंगांचा मेळ नंतर पाहावा. आधी ऊन व पाणी यांचा मेळ बसला पाहिजे.

दुसरी गोष्ट, कुंडी शेवटी कोठे जाणार आहे याचा विचार करावा. चेंबूरपलीकडील माहुलचे उदाहरण घ्या. एका बाजूला खाडी व खारफुटी, दुसऱ्या बाजूला १९५० च्या दशकापासूनचे तेलशुद्धीकरण कारखाने, मध्ये जुने कोळ्यांचे गाव आणि अलीकडे झालेल्या पुनर्वसनाच्या इमारती. या इमारती एकमेकींना खेटून असल्याने कित्येक खिडक्यांना थेट ऊन मिळत नाही. वारा खारा, आणि पानांवर धूळ व काजळी बसते. उघड्या वाफ्यावर वाढविलेला क्रोटन अशा खिडकीत गेला की पाने गाळतो आणि नवी पाने हिरवी काढतो. गिऱ्हाइकाला वाटते, आपल्याला फसविले.

याचे कारण समजून घ्यावे. पानातील हिरवे द्रव्य झाडाचे अन्न तयार करते. क्रोटनचे लाल-पिवळे रंग खुलण्यासाठी भरपूर उजेड लागतो. उजेड कमी पडला की झाड हिरवेपणा वाढविते. उलट, पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांत हिरवा भाग कमी, म्हणून असे झाड सावकाश वाढते आणि कडक उन्हात त्याचा पांढरा भाग करपतो. अशा झाडाला एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती तात्काळ बुडातून कापावी. ती जोमाने वाढून सारे झाड हिरवे करून टाकते.

आता जोड्या पाहू. पहिली जोडी उन्हाची. चार-पाच तास ऊन मिळणाऱ्या गच्चीसाठी मध्यभागी लाल-पिवळा क्रोटन आणि कडेला जांभळी सेटक्रेसिया लावावी. दुसरी जोडी सकाळच्या कोवळ्या उन्हाची. येथे तांबडा कोलियस आणि पांढऱ्या पट्ट्यांचे क्लोरोफायटम घ्यावे. कोलियसचे शेंडे व फुलांचे तुरे खुडत राहावे, म्हणजे झाड भरगच्च राहते. तिसरी जोडी सावलीची, आणि माहुलसारख्या खिडक्यांना हीच उपयोगी. लालसर अ‍ॅग्लोनिमा उभा ठेवून कडेने पोपटी-पिवळा मनीप्लँट सोडावा. कॅलेडियमचे रंग मोहक, पण हिवाळ्यात त्याचे कंद विश्रांती घेतात. त्यामुळे ते वेगळ्या लहान कुंडीत लावून मोठ्या कुंडीत बसवावे, म्हणजे मोसम संपल्यावर उचलता येते. एका कुंडीत तीनपेक्षा जास्त रंगांची गर्दी करू नये.

रोपे तयार करताना क्रोटनची गुटी पावसाळ्यात बांधावी. कोलियस शेंड्याच्या छाटाने सहज येतो. पिवळ्या काठाची सॅन्सेव्हेरिया मात्र पानाच्या तुकड्यांपासून करू नये. तुकड्याला येणारी रोपे साधी हिरवी निघतात, काठ जातो. तिचे फुटवे गड्ड्यासह वेगळे करूनच लावावेत.

कुंडीत लाल माती, चांगले कुजलेले शेणखत व काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात घ्यावा आणि निचऱ्यासाठी थोडे भाताचे तूस मिसळावे. काथ्याच्या भुशात पुष्कळदा क्षार असतात. तो गोड्या पाण्यात भिजवून, निथळून, दोन-तीनदा धुवून घ्यावा. खाडीजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी या झाडांना देऊ नये. पानांची टोके करपली आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटे धरली, की क्षार साठले असे समजावे. अशा वेळी बुडाच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत कुंडी धुवून काढावी. नत्र जास्त दिल्यास पाने मोठी होतात, पण रंग फिका पडतो. म्हणून १५:१५:१५ सारखे समतोल खत ८ इंची कुंडीला महिन्यातून एकदा २ ते ३ ग्रॅम, ओल्या मातीत द्यावे. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबू देऊ नये. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या कापडाने पुसून ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

विक्रीपूर्वी एवढे अवश्य करावे. जोडी लावल्यावर कुंडी किमान तीन आठवडे आपल्याजवळ ठेवावी. सावलीत जाणारी कुंडी शेडनेटखाली हळूहळू कमी उजेडाला सरावू द्यावी. सोबत एक चिठ्ठी द्यावी : ऊन किती, पाणी केव्हा आणि आठवड्यातून एकदा पाने ओल्या फडक्याने पुसावीत. पाने चमकविण्यासाठी तेल लावू नये, असेही त्यात लिहावे. डिफेनबेकिया व अ‍ॅग्लोनिमा यांच्या रसाने तोंडाची आग होते. घरात लहान मूल असेल, तर हे तोंडी सांगावे.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'हे झाड घरातील हवा शुद्ध करते,' असे सांगून कुंडी विकू नका. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेले प्रयोग लहान बंद पेट्यांत केलेले होते. वाऱ्या-वहिवाटीच्या खोलीत चार-दोन कुंड्यांनी तसा परिणाम होत नाही. माहुलच्या हवेपासून तेथील रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली नमूद केले. अशा ठिकाणच्या माणसाला खोटा दिलासा विकणे बरे नव्हे. त्याच्या खिडकीत टिकेल आणि डोळ्यांना सुख देईल, एवढी कुंडी खरेपणाने द्यावी. टिकलेली कुंडी शेजारच्या चार घरांतून मागणी आणते.

येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने निदान दहा कुंड्या करून पाहाव्यात. कोणती जोडी किती दिवस टिकली, याची वहीत नोंद ठेवावी. तुमच्या रोपवाटिकेला तीच वही पुढची वाट दाखवील.