आमचं चवदार तळं
(बोईसर येथील युवक मेळाव्यातील भाषण)



मी हिजडा आहे आणि मी बौद्ध आहे. दोन्ही एकदमच आहे. माझं नाव पुकारलं तेव्हा मागे कुणीतरी टाळी वाजवली. तसली टाळी. परक्याने वाजवली तर मी हसून सोडते. पण ज्यांच्या बापाला गावात जातीवरून हाक मारायचे, त्यांच्या हातून ती आली. म्हणून आज तुमच्याशीच बोलणार.

तारापूरच्या एमआयडीसीत मी चार वर्षं पॅकिंगला होते. ठेकेदाराकडे, बारा तासांची पाळी. पॅन्ट-शर्ट, पुरुषाचं नाव. काम चोख. मग केस वाढवले, पंजाबी ड्रेस घालून गेले, आणि त्याच हातांचं काम एका रात्रीत खराब झालं! गेटवर झडतीच्या दोन रांगा. बाप्यांच्या रांगेत शिट्ट्या, बायांच्या रांगेत आरडाओरड. संडास दोन, माझा एकही नाही. म्हणून पाळीभर मी पाणीच पीत नसे. बारा तास. भट्टीसारख्या शेडमध्ये.

शेवटी लघवीला जळजळ, थंडी, ताप. दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीवर प्रश्न : बाई का बाप्या? आत डॉक्टरचा पहिला सवाल : धंदा करतेस का? ताप बघायच्या आधी एचआयव्हीची तपासणी लिहिली. बाप्यांच्या वॉर्डात घेईनात, बायांच्या वॉर्डात घेईनात. रात्र काढली व्हरांड्यात, स्ट्रेचरवर. आठ दिवसांनी कामावर गेले तर ठेकेदार म्हणतो, खाडे झाले, तुझी जागा भरली.

मग राहिली मंगती. सिग्नलवर, गाडीत. आणि तुम्ही विचारता, ही धडधाकट माणसं काम का करत नाहीत?

पाणी समोर असून पिता येत नाही, ही गोष्ट तुम्हाला नवी आहे काय? 1927 साली महाडला आपली माणसं तळ्यावर गेली ती नुसती तहान भागवायला नव्हे. कारखान्याचा संडास हे आमचं चवदार तळं आहे.

कायदे म्हणाल तर आमच्या वाट्याला दोन्ही तऱ्हेचे आले. 1871 साली इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा एक भाग जमातींवर, दुसरा हिजड्यांवर. म्हणजे भटक्या-विमुक्तांवरचा शिक्का आणि माझ्यावरचा शिक्का एकाच कायद्याचा. मग 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : यांची तिसरं लिंग म्हणून नोंद करा, दवाखान्यात नीट उपचार करा, वेगळे संडास बांधा, मागास म्हणून आरक्षण द्या. त्याच वर्षी 1 ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला. 2019 च्या कायद्याने नोकरीत आणि दवाखान्यात भेदभावाला मनाई केली. जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या. मला मिळाला व्हरांडा.

आणि नुसती नोकरी देऊनही भागत नाही. 2017 साली कोची मेट्रोने 23 तृतीयपंथीयांना कामावर घेतलं. पेपरात फोटो आले. थोड्याच दिवसांत आठ जणांनी काम सोडलं. का? भाड्याने खोली मिळेना! बोईसरला खोली शोधताना आडनाव विचारतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला आडनावाच्या आधीच हाकलतात.

आरक्षणातही एक मेख आहे. हिजड्यांचा एक वेगळा मागास डबा केला, तर त्यात बसायला मी माझी अनुसूचित जात दाराबाहेर ठेवू काय? ब्राह्मणाघरचा हिजडा आणि महारवाड्यातला हिजडा एका मापाने मोजणार? म्हणून समांतर आरक्षण पाहिजे : प्रत्येक प्रवर्गाच्या आत आमचा वाटा. तामिळनाडूत ग्रेस बानू ही दलित कार्यकर्ती त्यासाठीच भांडते आहे. कर्नाटकाने 2021 साली सरकारी नोकरीत असं एक टक्का दिलं. महाराष्ट्राकडे ते मागायला कुणी जायचं? मी एकटीने?

कुणी म्हणेल, ह्या भानगडी चळवळीत कशाला. 1934 साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली हा गुन्हा. त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. त्यांना लाज वाटली नाही, तुम्हाला वाटते?

मला कीव नको, ओवाळणी नको. उद्या एमआयडीसीच्या गेटवर मागण्यांचा कागद घेऊन जाल, तेव्हा त्यात ठेका, पगार, पीएफच्या खाली एक ओळ लिहा : हिजड्याला काम, आणि त्याला जाता येईल असा संडास. कागद घेऊन मी पुढे चालते. तुम्ही मागे या.

आणि टाळी वाजवायचीच असेल, तर आता वाजवा.

जय भीम!