वृद्धाश्रम : कधी, आणि कोणी ठरवायचं?

(ज्येष्ठ स्त्रियांच्या प्रश्नांवरील शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या सत्राचा विषय आहे, 'घरातल्या वृद्ध माणसाला वृद्धाश्रमात कधी ठेवायचं?' यातला 'ठेवायचं' हा शब्द मला खटकतो. ठेवतात ती वस्तू. म्हणून 'कधी'च्या आधी दोन प्रश्न विचारू या. ठरवणार कोण? आणि आजवर जे निभावलं, ते कोणाच्या कष्टांवर?

आमच्या सल्ला केंद्रात या विषयावर दोन प्रकारच्या बायका येतात. एक येते ती सून, नाहीतर बिनलग्नाची मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची एक सून आली होती. सासूला रात्री तीनतीनदा उठवून संडासला न्यायचं, अंथरूण बदलायचं. तिने शिवणकाम सोडलं, आता तिचीच कंबर गेली. नवरा म्हणतो, 'आमच्या घराण्यात आईला आश्रमात टाकत नाहीत.' घराण्याची अब्रू त्याची, भांडं मात्र हिच्या हातात!

दुसरी येते ती खुद्द म्हातारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी स्वतः बाजारात जाऊन भाजी आणतात. खोली त्यांच्या नावावर. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि मुलांना एकाएकी आईच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

आपण कोणाच्या बाजूने? दोघींच्या. पहिलीच्या घरात मदत फार आधी यायला हवी होती. दुसरीच्या घरात आश्रमाची गरजच नाही, प्रश्न जागेचा आहे. गरज माणसाच्या शरीरावरून आणि सांभाळणारीच्या ताकदीवरून मोजायची. वयावरून नाही आणि सात-बारावरूनही नाही.

मी काही साध्या गोष्टी विचारते. आंघोळ, संडास, जेवण, उठणं-बसणं यांतलं स्वतःचं स्वतः काय जमतं? गॅस चालू राहणं, घराबाहेर पडून वाट चुकणं, औषध दोनदा घेणं असं वरचेवर होतं का? पडल्यावर उचलणारं कोणी दिवसा घरात असतं का? रात्री कोण जागतं, आणि त्या बाईला सलग झोप शेवटची कधी मिळाली? चौथा प्रश्न कुटुंबं कधीच मोजत नाहीत. तो मोजा.

उत्तरं आली तरी लगेच आश्रम नव्हे. आधी घरातली कामं वाटून घ्या. मुलग्यांनी पैसे देऊन सुटायचं नाही, आठवड्यातले दिवस आणि रात्री घ्यायच्या. दिवसाची बाई ठेवलीत तर तिला रास्त पगार आणि सुट्टी द्या. एका बाईचा भार दुसऱ्या गरीब बाईच्या पाठीवर लादणं ही सुटका नव्हे. एवढं करूनही निभत नसेल तर बाहेरची सोय पाहण्यात लाज कसली? बायांना घराबाहेर काढण्याची रीत काही आजची नाही. विधवांना काशीला, पंढरपूरला पाठवून विसरून जाणारी कुटुंबं आपल्याच समाजातली. 'टाकणं' आणि 'सोय करणं' यांतला फरक भिंतींवर नाही, संमतीवर आणि पुढच्या येण्याजाण्यावर ठरतो.

वेळेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बऱ्याच वृद्धाश्रमांची अट असते की माणूस हिंडता-फिरता हवा. कुटुंबं निर्णय घेतात तो खुब्याचं हाड मोडल्यावर. मग साधा आश्रम घेत नाही आणि शुश्रूषा केंद्राचा खर्च झेपत नाही. म्हणून बोलणं आधी व्हायला हवं, तिचं डोकं आणि पाय दोन्ही चालत असताना. तिला दोन-तीन जागा दाखवा. महिनाभर राहून पाहू द्या. परत यायचं असेल तर तिची खोली आणि तिचं कपाट तसंच ठेवा. विसरभोळेपणा वाढला असला तरी 'हो' किंवा 'नको' तिला कळतं, तेही ऐका.

आता कायदा. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकली आहे. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. सूनबाईला 'हे तुझं कर्तव्यच' असं ऐकवणाऱ्यांना हे जरूर सांगा. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. घर मुलाच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्या. ती पाळली नाही तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की भांडण अवघड होतं.

याच कायद्याची दुसरी बाजूही पाहा. सासू-सासऱ्यांना पुढे करून छळ झालेल्या सुनेला घराबाहेर काढण्यासाठीही तो वापरला गेला. १५ डिसेंबर २०२० रोजी वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला दिलेला घरात राहण्याचा हक्क अशा झटपट आदेशाने पुसता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. म्हातारीचा हक्क आणि सुनेचा हक्क यांची झुंज लावली की फायदा तिसऱ्याचाच होतो.

आणि सरकार? प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम, असं कलम १९ म्हणतं. पण ते बंधनकारक शब्दांत नाही. ज्या बाईने जन्मभर शेतात, घरात राबून स्वतःच्या नावावर काहीच मिळवलं नाही, तिला महिन्याची फी भरून जागा निवडता येत नाही. तिच्यासाठी 'कधी' हा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून गटांपुढे माझी मागणी दुहेरी आहे. वस्तीपातळीवर दिवसाची पाळणाघरं जशी आपण मुलांसाठी मागितली, तशी म्हाताऱ्यांसाठी मागू या. आणि आपल्या प्रत्येक बैठकीत पन्नाशी ओलांडलेल्या बायांना एक प्रश्न विचारू या : तुम्हाला कुठे राहायला आवडेल, आणि हे घरी कोणाला सांगितलंय का? उत्तर कागदावर लिहून सही करायला लावा. मग उद्या कोणी परस्पर ठरवायला बसलं, तर तिचं म्हणणं निदान कागदावर तरी असेल.