वडिलांस काय द्यावे?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. वडिलांस भेट म्हणून काय द्यावे, एवढाच तो. आईस काय द्यावे याविषयी मुलांस फारशी अडचण पडत नाही. आई निदान आपली आवडनिवड कधीमधी बोलून दाखविते. वडिलांस विचारावे, तर ठराविक उत्तर मिळते : ‘मला काय करायचे आहे? आहे तेच पुष्कळ आहे.’ बरे, न विचारता एखादी वस्तू आणावी, तर पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याला घेतलीस?’ किंमत कानी पडली की कौतुक संपते, आणि ती वस्तू एखाद्या चांगल्या प्रसंगाकरिता म्हणून कपाटात जाऊन बसते. तो प्रसंग बहुधा उगवत नाही.

या उत्तरास कोणी हट्ट म्हणतात, कोणी तुसडेपणा म्हणतात. मला ती आयुष्यभराची सवय वाटते. आपल्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांत दिवाळीचे कापड आधी मुलांस, मग घरातील स्त्रियांस, आणि काही उरलेच तर कर्त्या पुरुषास, असा क्रम कित्येक पिढ्या चालत आला. आपले सणही पाहा. दिवाळीच्या पाडव्यास पत्नी पतीस ओवाळते, मुली वडिलांस ओवाळतात. पण तबकात ओवाळणी घालावयाची ती त्यांनीच! वर्षानुवर्षे ज्याचा हात असा देण्यासाठीच पुढे झाला, त्यास तोच हात घेण्यासाठी पुढे करताना संकोच वाटल्यास नवल नाही. ‘मला काही नको’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘माझ्यासाठी खर्च नको’ एवढाच असतो. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याचे निम्मे काम झाले.

हल्ली जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन पाळण्याची चाल आपल्याकडेही आली आहे. तिचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचे शहर आहे. तेथील सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंच्या मातोश्री बाळंतपणात वारल्या आणि सहा मुलांचा सांभाळ वडिलांनी केला. त्या उपकाराचे स्मरण म्हणून या बाईंनी खटपट केली, आणि 19 जून 1910 रोजी त्या शहरात पहिला पितृदिन साजरा झाला. त्यास अमेरिकेत कायद्याने कायमचे स्थान मिळाले ते 1972 साली. म्हणजे या चालीच्या मुळाशी एका विशिष्ट पित्याने केलेल्या विशिष्ट कष्टांची एका मुलीस असलेली जाणीव होती. बाजारात मात्र त्या दिवशी सर्व पित्यांसाठी एकाच छापाचे पेले आणि एकाच छापाची पाकिटे मांडलेली दिसतात. ज्या भेटीत आपल्या वडिलांची अशी एकही खूण नाही, ती त्यांच्या मनास कशी शिवावी?

मग वडिलांच्या मनातले ओळखावे कसे? महाभारताच्या आदिपर्वात याचे उत्तर आहे. शंतनु राजा खिन्न असतो. पुत्र देवव्रत कारण विचारतो, तेव्हा राजा आडवळणाने बोलतो. खरे ते सांगत नाही. देवव्रत पित्यास अधिक छेडीत नाही. तो पित्याचे हित पाहणाऱ्या वृद्ध अमात्याकडे जातो, आणि तेथे त्यास खरी गोष्ट कळते. पुढे त्याने केलेली प्रतिज्ञा फार भारी पडली, तिचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही. परंतु माहिती काढण्याची त्याची रीत आजही उपयोगी आहे. वडिलांचे जुने स्नेही, कचेरीतील सोबती, आत्या, काका, यांना विचारावे. वडील तरुणपणी बासरी वाजवीत असत, किंवा त्यांस एकदा रामेश्वरास जावयाचे होते पण तुमच्या शाळेच्या फीमुळे राहून गेले, असल्या गोष्टी तेथेच कळतात.

आता कोणती भेट टाळावी तेही सांगतो. कठोपनिषदाच्या आरंभी एक यज्ञ चालला आहे. यजमान सर्वस्व दान करावयास निघाला आहे. पण दानात ज्या गाई चालल्या आहेत त्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूधही काढून झाले. असल्या गाई देऊन काय साधणार, हा विचार लहानग्या नचिकेताच्या मनात येतो. घेणाऱ्यास जिचा उपयोग नाही आणि देणाऱ्यास जिची चिंता नाही, ती भेट कितीही सजविली तरी त्या गाईंच्याच जातीची होय. वडिलांस आपला जुना, स्वतःस नकोसा झालेला मोबाइल देऊन, तो कसा वापरावा हे शिकविण्यास मात्र वेळ न देणारे चिरंजीव थोडे नाहीत!

उपयोगाच्या भेटींत माझ्या मते पहिला मान दुरुस्तीचा. बंगळूरच्या एच. एम. टी. कारखान्यात 1961 पासून मनगटी घड्याळे होऊ लागली, आणि पुढील दोन-तीन दशके ती असंख्य वडीलधाऱ्यांच्या हातावर दिसली. कोणास लग्नात मिळाले, कोणी पहिल्या पगारातून घेतले. घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला; पण रोज चावी द्यावयाची ती घड्याळे अजून कित्येक घरांच्या खणांत पडून आहेत. एखादा जाणता घड्याळजी गाठून ते साफ करून घ्यावे, नवा पट्टा लावावा आणि चालते घड्याळ वडिलांच्या हाती द्यावे. येथे ‘केवढ्याला’ हा प्रश्न उद्भवला तरी त्याचे उत्तर सोपे असते. नव्या घड्याळाने वेळ कळेल. या घड्याळाबरोबर गेलेला काळही परत येतो.

दुसरा प्रकार गैरसोय दूर करण्याचा. यासाठी आठ दिवस वडिलांकडे नुसते पाहावे. ते वर्तमानपत्र लांब धरून वाचतात काय? मग चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, आणि त्यांच्या नित्य वाचनातील ग्रंथ मोठ्या टाइपात मिळाल्यास आणावा. काठीच्या टोकाचे रबर झिजले आहे काय? ते थोडक्या पैशांत मिळते, आणि त्याने एखादे पडणे टळते. चपला द्यावयाच्या तर कोल्हापुरी चपलेसारखी गोष्ट नाही. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. मात्र माप अंदाजाने घेऊ नये. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून सायंकाळी कागदावर पाऊल ठेवून त्याची रेघ काढून घ्यावी. आणि वडिलांस मधुमेह असून तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर ही कडक चपल देऊच नये. तिचा घाव त्यांस कळणार नाही. तेथे मऊ पादत्राणच हितकर. भेट देणाऱ्याने आपल्या हौसेपेक्षा घेणाऱ्याच्या देहाकडे अधिक पाहावे.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. एक कोरी वही आणावी, आणि वडिलांस म्हणावे, ‘बाबा, तुमच्या लहानपणचे घर, तुमची शाळा, तुमची पहिली नोकरी, हे सारे मला लिहून द्या.’ लिहिणे होत नसेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. 1993 साली प्रसिद्ध झालेले डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्याला आधार आहे तो त्यांच्या अल्पशिक्षित वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या आठवणींचा. प्रत्येक वहीचे पुस्तक होईल असे नाही, आणि व्हावे असेही नाही. पण ‘तुमचे आयुष्य आम्हांस ऐकावेसे वाटते’ असे मुलाने म्हणणे, हे एखाद्या निवृत्त माणसास शालजोडीहून अधिक ऊब देते. अट एकच : ते सांगू लागले म्हणजे आपण बसून ऐकले पाहिजे.

मघाशी नचिकेताची गोष्ट अर्धी राहिली. पित्याने रागाच्या भरात त्यास मृत्यूला देऊन टाकले. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिल्यावर त्यास तीन वर मिळाले. पुढे ज्याने मृत्यूचे रहस्य विचारले, त्या मुलाने पहिल्या वराने काय मागितले? माझ्या पित्याचे मन शांत होवो, त्याचा राग जावो, आणि मी परत गेलो म्हणजे त्याने मला ओळखून जवळ घ्यावे! ज्या घरी बापलेकांचे बोलणे तुटले आहे, तेथे वस्तूंच्या दुकानात जाण्यापूर्वी हा पहिला वर आठवावा. तेथे खरी भेट म्हणजे चार शब्द, आणि ते आधी धाकट्याने बोलावे.

श्रोतेहो, घाटावर दहाव्या दिवशी पिंड ठेवलेला असतो आणि कावळा शिवत नाही, तेव्हा जमलेली मंडळी कशी कासावीस होतात, हे आपण पाहिले असेल. यांची कोणती इच्छा राहिली, यांना काय आवडत असे, असे एकमेकांस विचारतात. हात जोडून वचने देतात. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ते विचारावयाचे ठिकाण घाट नव्हे. ज्यास विचारावयाचे तो माणूस आज पलीकडच्या खोलीत, किंवा गावच्या घराच्या ओटीवर बसला आहे, आणि कदाचित हेच भाषण ऐकत आहे. त्याचे उत्तर ‘मला काही नको’ असेच येईल. तेवढ्यावर उठून जाऊ नये. थोडा वेळ बसून राहावे.