प्राचीन समुद्रमार्ग आणि आपला प्रदेश
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या तरुणांस एक प्रश्न पुष्कळदां विचारण्यांत येतो: तुमचा धर्म परदेशांतून जहाजांत बसून आला, मग तो येथचा कसा? या प्रश्नास रागानें उत्तर देऊं नये. आपल्या भूमीचा इतिहास काय सांगतो तें शांतपणें पाहावें.

कर्जत व खालापूर हे तालुके समुद्रापासून अलग आहेत असें आपण समजतों. परंतु पाण्याची वाट निराळें सांगते. राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी कर्जतवरून कल्याणाकडे जाऊन वसईच्या खाडीस मिळते; खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीस. कल्याण बंदरीं उतरलेला माल देशावर न्यावयाचा म्हणजे सह्याद्रि ओलांडणें भाग होतें, आणि बोरघाट ही त्यासाठींची एक जुनी वाट होय. राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. तेथें एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, कान्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, असा ब्राह्मी लेख आहे.

घाट चढून गेल्यावर कार्ल्याचें चैत्य लागतें. त्याचे खांब दान देणाऱ्यांत धेनुकाकट येथील अनेक यवन आहेत. ग्रीकांस व पश्चिमेकडून आलेल्या इतर परकीयांस तेव्हां यवन म्हणत. त्यांनीं बौद्ध संघास दिलेलें दान येथच्याच प्राकृत भाषेंत कोरविलें. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य घरच्या भाषेंत बोलूं लागला!

हा प्रवास वाऱ्याच्या आधारें घडे. मिसर देशाचीं तांबड्या समुद्रावरील बंदरें सोडून जहाजें जुलैच्या सुमारास निघत, आणि अरबस्तानचा किनारा मागें टाकल्यावर नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें सुमारें चाळीस दिवसांत मलबारास पोहोंचत, असें प्लिनी लिहितो. डिसेंबर-जानेवारींत वारा उलटला कीं तीं परत फिरत. मायोस होर्मोस या एकाच बंदरांतून वर्षास १२० जहाजें हिंदुस्थानाकडे जात, असें स्ट्राबो सांगतो. इकडूनही माल व माणसें जात. मिसरांतील बेरेनिके बंदराच्या उत्खननांत हिंदी सागवान सांपडलें, आणि तेथील देवालयांत हिंदी घडणीच्या रांजणांत साडेसात किलो काळीं मिरीं मिळालीं.

याच मार्गानें ख्रिस्ताचें नांवही आलें. इ. स. ५५० च्या सुमारास कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे कीं, कल्लियाना येथें इराणांतून नेमलेला बिशप असतो. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक पंडित मानितात. पुढें १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन धर्मबंधु होर्मुझहून जहाजानें ठाण्यास आले. तेथें नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं, असें ओडोरिक या प्रवाशानें नमूद केलें आहे. त्यांतील एका घरीं ते उतरले. त्याच वर्षाच्या एप्रिलांत चौघांनीं ठाण्यास हौतात्म्य पत्करिलें, आणि जॉर्डानुस या डोमिनिकन धर्मगुरूनें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

त्या प्राचीन मंडळीपासून आपल्या धर्मग्रामापर्यंत अखंड परंपरा आहे, असें म्हणण्याचा मोह मात्र टाळावा; तसा पुरावा नाहीं, आणि श्रद्धेस खोट्या वंशावळीची गरज नाहीं. इतिहास सांगतो तें एवढेंच कीं, पोर्तुगीजांचें पहिलें गलबत १४९८ सालीं हिंदुस्थानास लागण्यापूर्वीं कित्येक शतकें या किनाऱ्यावर प्रभूची प्रार्थना होत होती, आणि ती करणारीं घरें शेजाऱ्यांच्या घरांस लागून होतीं. समुद्रावरून आलें तें सर्व परकें मानूं लागलों, तर कार्ल्याचे खांबही परके ठरतील.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत. घाटांतून ओझीं वाहणारांचीं नाहींत. तीं केवळ परमेश्वरास ठाऊक आहेत. आजही कारखान्यांच्या व इमारतींच्या कामावर दूरदूरचीं माणसें आपल्या तालुक्यांत येतात. त्यांची भाषा आपल्याला कळत नाहीं, आणि कित्येकदां रविवारीं तीं मंदिराच्या मागल्या बांकावर एकटीं बसलेलीं असतात. ठाण्याच्या त्या घरानें अनोळखी पाहुण्यांस दार उघडलें, म्हणूनच त्याची आठवण सातशें वर्षें टिकली. आपल्या महोत्सवाची आठवणही तशाच कृतीनें टिको, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.