चावडीवरचा वार्ताफलक



आपल्या शाळेच्या पडवीत एक लहानसा फळा असतो. प्रार्थनेपूर्वी त्यावर सुविचार, दिनविशेष आणि एखादी बातमी खडूने लिहिली जाते. लघुलेखनाचे जे माध्यम आज भ्रमणध्वनीवर आले आहे, ते मला ह्या फळ्याचेच भावंड वाटते. त्यांपैकी सर्वपरिचित ‘ट्विटर’ २००६ साली अमेरिकेत सुरू झाले. जुलै २०२३ पासून त्याचे नाव ‘एक्स’ असे आहे. आरंभी तेथे एका वेळी १४० चिन्हेच लिहिता येत. २०१७ साली ही मर्यादा २८० झाली. मजकुरासोबत चार छायाचित्रे किंवा एखादी लहान चित्रफीत जोडता येते. काना, वेलांटी, पायमोड ही सर्व तेथे स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘शिक्षक’ हा आपला तीन अक्षरी शब्द तेथे सहा चिन्हांचा ठरतो. मोजके लिहिण्याचे हे बंधन मी तरी उपकारकच मानतो.

तथापि, एक भेद प्रथमच ध्यानात घ्यावा. पडवीतला फळा शाळेचा असतो. हा फळा चावडीवर टांगलेला आहे. येणारा जाणारा कोणीही तो वाचतो. हा भेद मला उशिरा कळला. तो कसा कळला, हे सांगण्यात संकोच बाळगणे योग्य नव्हे.

वृक्षारोपणाच्या दिवशी मी एका विद्यार्थिनीचे छायाचित्र, तिचे नाव, इयत्ता व गाव यांसह ह्या माध्यमावर ठेवले. हेतू कौतुकाचाच होता. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. ती मजुरी करणारी. तिच्यापाशी भ्रमणध्वनी नव्हता. बाजारात कोणा परक्या माणसाने तिला ते छायाचित्र दाखविले होते. ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, पोरगी माझी, मग मलाच सगळ्यांच्या शेवटी का कळलं?” मी ते छायाचित्र त्याच क्षणी काढून टाकले. परंतु त्याच्या प्रती ज्यांनी आपल्यापाशी ठेवल्या होत्या, त्या परत आणणे माझ्या हाती नव्हते. खडूचे लिखाण ओल्या फडक्याने पुसता येते. येथले पुसले जातेच असे नाही.

तेव्हापासून माझ्या शाळेच्या पानावर मुलांचे चेहरे व नावे नसतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या केंद्रीय अधिनियमानेही १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. शिवाय १३ वर्षांखालील मुलास ह्या माध्यमावर स्वतःचे खातेच उघडता येत नाही. म्हणजे आपल्या प्राथमिक शाळांतील बहुतेक मुलांनी तेथे जावयाचे नसून, तेथील निवडक गोष्ट शिक्षकाने वर्गात आणावयाची आहे.

मग ह्या पानावर ठेवावे तरी काय? माझा नियम साधा आहे : एक चित्र, एक प्रश्न. उन्हाळ्याच्या आरंभी शाळेजवळच्या वडावर तांबट पक्षी बोलू लागला. त्याच्या आवाजाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मी घेतली. तीत झाडाच्या फांद्या दिसतात. पक्षी दिसत नाही. खाली इतकेच लिहिले : “हा आवाज ऐका. ह्या पक्ष्याला तांबट का म्हणत असावेत?” दुसऱ्या दिवशी सहासहा मुलांच्या गटांना ती फीत ऐकविली आणि तोच प्रश्न पडवीतल्या फळ्यावरही लिहिला, कारण ज्याच्या घरी भ्रमणध्वनी नाही, त्या मुलापासून प्रश्न दूर राहता कामा नये. एका मुलाने आजोबांना विचारून उत्तर आणले : तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा ‘टुक् टुक्’ असा तो आवाज आहे. नंतर दोन आठवडे मुले झाडांखाली माना वर करून उभी असत. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, कपाळावर तांबडा ठिपका. तो दिसला, तेव्हा झालेला गलका कोणत्याही चित्रफितीत मावणारा नव्हता.

आणखी एक सोय उपयोगाची आहे. छायाचित्रासोबत त्याचे वर्णन लिहिता येते, आणि दृष्टिहीन वाचकाला त्याचे यंत्र ते वाचून दाखविते. हे वर्णन मी चौथीच्या मुलांकडून करवून घेतो. न पाहणाऱ्याला दिसेल असे लिहावयाचे, ह्यापरते निबंधलेखनाचे उत्तम शिक्षण कोणते?

चित्र शक्यतो आपणच घेतलेले असावे. परक्याचे असल्यास त्याची अनुमती घ्यावी. मजकुराखाली उत्तर कोणी द्यावे हे ठरविता येते. ती मर्यादा घालावी. आणि किती जणांनी पसंतीची खूण केली, हे मोजण्यात वेळ दवडू नये. वर्गातली किती मुले प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बाहेर पडली, हीच आपली मोजणी.

बंधुभगिनींनो, यंत्र नवे आहे म्हणून त्याला भिण्याचे कारण नाही, आणि नवे आहे म्हणून भाळण्याचेही नाही. पानावर काही ठेवण्यापूर्वी स्वतःला एकच विचारावे : हे मी गावच्या चावडीवर, त्या मुलाच्या आईदेखत लावले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल लावावे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.