भेटले कोण, ठरवले कोण?

पत्रिकेवर विषय होता ‘प्रबंधलेखनातील वाक्यरचना’. उन्हाळी व्याख्यानमालेची तिसरी संध्याकाळ. मागच्या रांगांत पीएच.डी. करणारी मुले वह्या उघडून बसली होती. निवृत्त मराठी प्राध्यापक असलेल्या वक्त्यांनी केवल, मिश्र, संयुक्त वाक्ये ‘हे शाळेत झालंय’ म्हणत मागे टाकली आणि फळ्यावर एकच प्रत्यय लिहिला: ऊन.

पुढचा तास तिथून हलला नाही.

करून, जाऊन, पाहून यांचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच हवा, हा त्यांचा आग्रह. संस्कृतातल्या ‘कृत्वा’, ‘गत्वा’साठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात हीच अट घातली, महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ होते, आपल्याकडे ‘करून’ आहे. मग त्यांनी नमुना लिहिला: ‘विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन त्यांनी ती भरली.’ दिली संशोधकाने, भरली विद्यार्थ्यांनी. ‘संशोधकाने दिलेली प्रश्नावली विद्यार्थ्यांनी भरली’ म्हटले की गुंता सुटतो. दुसरे वाक्य जास्त घातक: ‘गावकऱ्यांना भेटून विहिरी खोल करण्याचे ठरविण्यात आले.’ भेटले कोण, ठरवले कोण? ‘ठरविण्यात आले’ने कर्ता झाकला. निर्णय गावकऱ्यांचा की अभ्यासगटाचा, हे कळल्याशिवाय त्या निष्कर्षाची किंमत करता येत नाही. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे.

‘मग पाऊस पडून गारवा आला, हे चूक का?’ एका आजोबांनी बसल्या जागेवरून विचारले. सभागृह हसले. वक्त्यांचा आवाज चढला. ‘चूक कोण म्हणतंय? “त्याला जाऊन दोन वर्षं झाली” हेही अस्सल मराठी. पण सर्वेक्षण पावसासारखं आपोआप पडत नाही, आजोबा. ते कुणीतरी करतं!’

आणि इथून निघाला पंचनामा. वक्त्यांचे वडील गावात पंच म्हणून नेहमी बोलावले जात. त्या कागदाच्या लांबलचक वाक्याला सगळे नावे ठेवतात. पण सुरुवातीलाच ‘आम्ही पंच’ येते. मग हजर राहून, जागा पाहून, मजकूर वाचून सह्या करणारेही तेच पंच. अर्धे पान उलटले तरी कर्ता निसटत नाही. पुराच्या, वणव्याच्या, बांधाच्या भांडणाच्या पंचनाम्यांत वीस मिनिटे गेली. लोक रंगले होते, कोणी घड्याळ पाहिले नाही.

अध्यक्षांनी पाहिले. चिठ्ठी आली. टिपणाची चार पाने तशीच राहिली. ‘जो–तो’ची मिश्र वाक्ये, मोरो केशव दामल्यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सगळे एका दमात उरकले.

आभारप्रदर्शन चालू असताना तिसऱ्या रांगेतली एक मुलगी आपल्या प्रकरणातले वाक्य खोडत होती. ‘नोंदी तपासून वर्गीकरण करण्यात आले’वर तिने काट मारली आणि खाली लिहिले: ‘मी नोंदी तपासून त्यांचे वर्गीकरण केले.’